डोळे मिटून बांगड्या भरणारा

निजामाच्या राज्यात बेंबळीला एक कासार यायचा. काम दिवसभर बायकांचे हात धरायचं, पण गडी एवढा लाजाळू, की बांगड्या भरताना डोळे गच्च मिटून घ्यायचा. मी नवी नवरी, अंगात लई खोड्या. "आज ह्याला माझ्याकडं बघायलाच लावते," अशी बायकांशी पैज मारून मी हाताऐवजी शेळीचा पाय पुढं केला.

"वैनी, हात ढिला सोडा," म्हणत त्यानं दोन हिरव्या बांगड्या चढवल्याही.

तेवढ्यात शेळी उसळली आणि कासार शेणाच्या पाटीत उताणा पडला. त्यानं डोळे उघडून आधी शेळीकडं पाहिलं, मग थेट माझ्याकडं.

"वैनी, तुमच्यापरीस हिचा हात मऊ हाय."

पैज मी जिंकले, पण बायका लोळून हसल्या त्या मलाच.