पडदा बंद, डबा चालू
इन्व्हर्टर ओरडायला लागला तेव्हा माझा म्हातारा खाटेवर उशीला टेकून बसला होता आणि त्याचे ओठ काळपट दिसत होते. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. ते मशीन इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चाललं होतं. इन्व्हर्टर ओरडतो म्हणजे बॅटरी संपत आली, एवढं मला कळत होतं.

लाईट सकाळी नऊला गेली होती. वाऱ्याने गल्लीच्या तोंडाशी झाड पडलं आणि तारा तुटल्या. आता बारा वाजून गेले होते. मुलगा अंबडला कारखान्यात, तिथे फोन गेटवरच काढून घेतात. घरात एक छोटा सिलिंडर असायचा, तोही भरून आणायला तो सकाळी घेऊन गेला होता. सून येवल्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

सगळी वीज मशीनला मिळावी म्हणून मी ट्यूब बंद केली होती. त्याच्या डोक्यावरचा पंखासुद्धा बंद केला होता. मे महिना. सदरा घामाने अंगाला चिकटला होता त्याच्या.

"पंखा लाव गं," तो म्हणाला होता.

"नाही लावणार. श्वास पाहिजे की वारा?"

तीन तास मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते. मशीन एकटं असलं तर दुपारी दीड-दोनपर्यंत सहज चालायला हवं होतं. मुलाने तसं दोनदा चालवून बघितलं होतं. मग बाराला बॅटरी संपली कशी?

मी सुनेला फोन लावला. सून येवल्याच्या विणकरांसाठी कॉम्प्युटरवर पैठणीची नक्षी काढते. मोर, कमळं, काठ, सगळं बारीक बारीक चौकटींत भरायचं असतं. विणकर त्या चौकटी मोजून मागावर धागा घालतात. त्या दिवशी ती कागद घेऊन तिकडेच गेली होती.

"आई, कॉम्प्युटर बंद आहे ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

"लाईट गेल्या गेल्या बंद केला. मीच केला."

"कुठून केला?"

"कुठून म्हणजे? तू दाखवलंस तिथून. पुढचं बटण."

मागे मागाची खटखट ऐकू येत होती.

"आई, तो नुसता पडदा बंद होतो. टेबलाखालचा डबा बघा. हात लावून बघा."

मी खाली वाकले. डबा गरम होता. आत पंखा फिरत होता, मागच्या जाळीतून माझ्या हातावर गरम वारा येत होता. मी म्हाताऱ्याचा पंखा बंद ठेवला होता आणि हा डबा टेबलाखाली बसून तीन तास त्याची वीज खात होता.

हे असं का झालं ते सांगते. मी चौथी शिकलेली. लहानपणापासून एका बल्बच्या घरात राहिले. जिथे दिवा पेटलेला दिसेल तिथे जाऊन बटण बंद करायचं, ही माझी जन्माची सवय. म्हातारा म्हणायचा, "ही एक दिवस माझंही बटण बंद करेल." सून मात्र कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायची. जेवायला उठली तरी चालूच. मागच्या वर्षी मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तिची तीन दिवसांची नक्षी गेली. ती रडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "भिंतीच्या बटणाला हात लावायचा नाही. तुम्हाला चैनच पडत नसेल तर हे पुढचं दाबा." मी दाबलं, पडद्यावर काळोख झाला, मी समजले कॉम्प्युटर बंद झाला. तेव्हापासून रोज दाबत होते. खाली डबा वेगळा चालतो, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"भिंतीतून बंद करा," सून फोनवर ओरडली.

"तुझं काम जाईल."

"जाऊ दे हो आई! बंद करा!"

मी बंद केलं. इन्व्हर्टरचं ओरडणं थांबलं. मला वाटलं, निभावलं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील, तो परत ओरडायला लागला, आणि मग मशीनच थांबलं. घरात इतकं शांत झालं की म्हाताऱ्याच्या छातीतली घरघर मला ओट्याजवळून ऐकू आली.

मी गॅलरीत जाऊन समोरच्या रिक्षावाल्या भाईंना हाक मारली. ते जेवत होते. खरकट्या हाताने धावत आले.

"मावशी, पाय धरा. मी वरून उचलतो."

"चप्पल घालते."

"चप्पल राहू द्या! चला!"

दोन मजले त्याला आम्ही असंच उतरवलं. झाड रस्त्यात आडवं पडलेलं, म्हणून रिक्षा मागच्या बोळातून काढावी लागली. म्हाताऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्याला काही बोलायचं होतं, आवाज निघत नव्हता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठ दिवस वळ होते. नंतर सिग्नलला त्याची पकड सुटली. "भाई, सिग्नल बघू नका," मी म्हटलं. त्यांनी बघितला नाही.

दवाखान्यात त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी अनवाणी बाकावर बसले. देवाचं नाव घेतलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, तीन तासांत एकदा जरी खाली वाकले असते.

सून येवल्याहून मिळेल त्या गाडीने आली. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, चूक माझी. मी बंद करून जायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "आणि मी हात लावून बघायला हवं होतं."

पाचच्या सुमाराला नर्सने आत बोलावलं. त्याचे डोळे उघडे होते.

म्हातारा वाचला.