आठवी ‘ब’च्या आदर्श पालक

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा एका आदर्श पालकाचा सत्कार करायचं ठरलं आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं. मी पूर्ण विचारांती, लेखी कारणांसह, माझ्याच वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलीची निवड केली. ती पालक नसून मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं, एवढाच काय तो माझा बचाव.

मी नांदेडहून अर्धापूरला अप-डाऊन करणारा मास्तर. नोकरीला चोवीस वर्षं झाली. ‘पालक संपर्क’ हा माझा अभिमानाचा विषय. त्याची जाड पुठ्ठ्याची वही मी पदरमोड करून आणलेली आहे. आठवी ‘ब’च्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुपही मीच चालवतो. चालवतो म्हणजे काय, मी सूचना टाकतो आणि पालक तिच्यावर गुलाबाची फुलं टाकतात. एक गृहस्थ न चुकता केळीचे भाव टाकतात. सूचना खरंच वाचून “होय सर, कळाले” असं लिहिणारी एकच बाई होती.

फोनवर तर त्या बाई फारच समजूतदार. त्यांच्या मुलीबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ होत्या. प्रार्थना संपल्यावर उगवते, पाचव्या तासाला पेंगते, गणिताची वही कोरी. मी संध्याकाळी फोन लावायचो. पलीकडून शांत आवाज यायचा, “हाव सर, बरोबर हाय तुमचं. रागावते मी तिला. तुमी बी रागवा.”

असं म्हणणारे पालक आता राहिलेत कुठं? एकदा मी म्हणालोसुद्धा, “ताई, तुमचा आणि मुलीचा आवाज अगदी एक आहे हो.”

“समदेच म्हनतेत सर.”

पुढं पुढं मी मुलीची तक्रार उरकून माझ्या गुडघेदुखीवर यायला लागलो. तेल कोमट करून खालून वर चोळायचं, हे त्यांनीच सांगितलं. गुण आला. मी घरी ऐकवलं, “बघ, परक्या बाईला माझ्या गुडघ्याची काळजी आहे.”

माझी बायको लातूरची. ती म्हणाली, “मग चहा बी तिलाच मागा.”

मध्यंतरी वरून पत्र आलं. घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणारे विद्यार्थी शोधून माहिती त्वरित पाठवावी. कागदाच्या बाबतीत मी दिरंगाई करत नाही. वर्गात उभा राहून विचारलं, “घरी आजारी माणूस सांभाळणारे कोण कोण आहेत? हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. मी ‘निरंक’ लिहून दुपारच्या आत अहवाल रवाना केला. सही करताना पेनाचं टोपण खाली पडलं, ते त्याच मुलीनं उचलून दिलं.

तर सत्कार. मी ग्रुपवर जाहीर केलं, की या मातेचा शाल-श्रीफळ देऊन सन्मान होईल, त्यांनी जातीनं हजर राहावं. गुलाबाची फुलं पडली. “होय सर, कळाले” मात्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी दप्तरासकट स्टाफरूमच्या दारात उभी.

“सर, आईचं नाव काढा त्याच्यातून.”

“का गं? एवढा मान मिळून राहिला.”

“तिला जमनार न्हाई.”

“ते तू नको सांगू. मी आणि तुझी आई बघून घेऊ,” असं म्हणून मी तिथंच फोन लावला.

फोन तिच्या दप्तरात वाजला. तिनं तो काढला, पाहिला आणि म्हणाली, “तुमचाच हाय, सर.”

“मोबाईल शाळेत का आणलास?” मी विचारलं. चोवीस वर्षं मास्तरकी केली की पहिला प्रश्न नियमाचाच सुचतो.

मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मे महिन्यात आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. ती काय बोलते ते घरच्यांनाच कळतं. वडील केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जातात, ते आठ-दहा दिवसांनी येतात. सकाळी आईला अंघोळ, तेल, चार घास भरवणं, सगळं उरकून ही शाळेत येते. आई पडली तर शेजारची काकू कळवील म्हणून फोन जवळ ठेवते.

“पण आई म्हणून का बोललीस माझ्याशी?”

“पप्पा म्हनले होते, शाळेतून एक जरी तक्रार आली तर शाळा बंद. घरी बस आईजवळ. म्हनून मीच घेतल्या तक्रारी.” मग हळूच, “आता सत्काराचं त्यांना कळलं की समदंच कळंल सर.”

मी वही उघडून पाहिली. जूनपासून एकोणीस नोंदी. एकोणीस वेळा मी तिची शाळा बंद करायला निघालो होतो आणि एकोणीस वेळा तिनं माझीच समजूत काढून मला परत पाठवलं होतं. प्रत्येक नोंदीपुढे माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा होता, ‘पालकांचे सहकार्य उत्तम’.

मुख्याध्यापकांना सांगितलं. ते हळहळले आणि लगेच सावरले. “बॅनर छापायला गेलाय. असं करू, आईला खुर्चीवर बसवून स्टेजवर आणू. पोरीचाच सत्कार. फोटो लई भारी येईल.” खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर पटलं. घरी येऊन बायकोला तसं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

“पोरगी म्हनती झाका, अन् तुमी बॅनर लावून राहिले?”

“मग करायचं काय?”

“तिला इचारा, शाळेत किती वाजता येता येतंय. अन् बाकीच्या लेकरांना असं हात वर करा म्हनून इचारतेत का? सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते लिहायला सांगा.”

सांगितलं. निबंध म्हणून सांगितलं. माझ्या निरंक वर्गातून आणखी तिघं निघाले. एकजण आजोबांना रोज इंजेक्शन देऊन येत होता; तो मला चांगला आठवत होता, नखं न कापल्याबद्दल मी त्याला उभं केलं होतं. दुरुस्त अहवाल पाठवला. कार्यालयातून विचारणा आली, आधीचा चुकला कसा? त्याचा खुलासा मी अजून लिहितोय.

खरा पेपर रविवारी होता, मुलीच्या घरी; उशिराची सवलत द्यायची तर तिच्या वडिलांना सांगणं भाग होतं. ते ट्रकवरून घरी आले होते. बायको सोबत आली, कारण तिचा माझ्या तोंडावर विश्वास नाही. “तुमी कमी बोला,” एवढंच तिनं वाटेत बजावलं.

दोन खोल्या. आई खाटेवर, भिंतीला टेकून. वडील दमलेले, डोळे जागरणानं लाल. आम्हाला पाहून त्यांचा चेहराच उतरला.

“मास्तर घरी आले म्हंजे तक्रार हाय. काय करून राहिली ही शाळेत?”

“तक्रार मुळीच नाही,” मी म्हणालो. “तशी पाचव्या तासाला झोपते, पण...”

बायको खोकली. मुलगी दाराशी होती तिथंच थिजली.

“झोपते?” वडील म्हणाले. “मग कशाला पाठवायचं? घरी तरी...”

खाटेवरून आई काहीतरी बोलली. मला कळलं नाही. त्यांना कळलं असावं, त्यांनी उठून तिचं पांघरूण सारखं केलं. आता काहीही सांगितलं तरी ते मुलीच्याच अंगावर येणार, म्हणून मी माझं सांगायला घेतलं. जूनपासूनचे फोन, तक्रारी, “तुमी बी रागवा”, आवाज एक असण्याबद्दलचं माझं निरीक्षण, गुडघा, तेल, आदर्श माता. काही गाळलं नाही.

“थांबा,” ते म्हणाले. “तुमाला वळखू आलं न्हाई?”

“नाही.”

“वर्गात रोज बोलती ही तुमच्यासंगं!”

“हो.”

ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मांडीवर थाप मारून. मीही हसलो, सुटल्यासारखं झालं होतं. डोळे पुसत ते म्हणाले, “ज्या पोरीनं मास्तरला येडं केलं, तिला काय घरी बसवायचं? जाऊ द्या शाळेत. पन उशीर होईल तिला.”

“होऊ द्या. पहिला तास माझा गणिताचा आहे, तो मी दुपारी घेतो. फोन ऑफिसात राहील, वाजला की शिपाई बोलावील तिला.”

“चालतंय,” ते म्हणाले.

सत्कार शेवटी केळीचे भाव टाकणाऱ्या गृहस्थांचा झाला. ते भाषणही चांगलं करतात.

पण त्या रविवारी परतताना मी स्कूटरवर भलताच खुशीत होतो. एका पोरीची शाळा वाचली, आणि तीही माझ्या बावळटपणामुळे. बायको मागं बसलेली. भोकर फाट्यापर्यंत वाट पाहून मीच विचारलं, “काय, जमलं ना?”

“जमलं,” ती म्हणाली. “तुमी दोघं खदाखदा हसत होता, तवा ती आत बसून आपल्या चहाच्या कपबश्या विसळत होती. तिला हसायला कुनी बोलावलंच न्हाई.” मग म्हणाली, “उद्यापासून फोन तिच्या बापाला लावा. गाडी दिल्लीत का असंना.”