निलेशने न चाखलेलं तिखलं

जानकी धुरींच्या पोटात काही राहत नाही. बोरीवली पूर्वेला काजूपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाचं लग्न जमलं, लिफ्टवरून कुणाची कुणाशी जुंपली, ही खबर त्यांच्या तोंडून दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलेली असते. अशा बाईने तब्बल सहा वर्षं एक गुपित सांभाळलं, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. ते गुपित असं, की त्यांच्या मुलाने, म्हणजे लष्करातल्या नाईक निलेश धुरीने, जन्मात कधी मासा खाल्ला नव्हता.

यात लपवण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. विचारणारा मालवणकडचा नसणार. त्या मुलखातल्या घरात मासे न खाणारा पोरगा निपजला, की आईबापांना नातेवाइकांपुढे उत्तरं देताना नाकी नऊ येतात. निलेशचे वडील लवू धुरी गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. आठवड्याची एकच सुट्टी, आणि त्या सुट्टीला बांगडे. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन घरात शिरले, की निलेश नाक दाबून दारामागे लपायचा. मग जानकीबाई त्या बांगड्यांचं तिखलं करायला लागल्या की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसायचा आणि नाकावरचा हात न काढता त्यांची चेष्टा करायचा. त्याच्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी व्हायची. लवू त्याला शिव्या घालायचे, आणि त्याच्या वाटणीचे दोन बांगडे मुकाट्याने आपल्या ताटात ओढायचे.

एकोणिसाव्या वर्षी निलेश भरती झाला. सुट्टीवर यायचा तेव्हाही बटाटाच. पुढे उत्तरेत, बर्फातल्या एका चौकीवर हिमकडा कोसळला, त्यात तो आणि त्याचे दोन साथीदार गेले. तो तिरंग्यात घरी आला त्या दिवशी अख्खा काजूपाडा रस्त्यावर होता. आठवड्याभरात रस्ता मोकळा झाला, आणि घरसुद्धा. मोठी मुलगी मानसी मुलुंडला, तिच्या संसारात. राहिले दोघं, एकमेकांशी 'जेवलास?' 'जेवलंय' एवढंच बोलणारे.

वर्षभराने, नऊ फेब्रुवारीला, निलेशच्या वाढदिवसाला दुपारी बेल वाजली. दारात बारीक केस कापलेले दोन तरुण, खांद्यावर बॅगा.

"आई, आम्ही निलेशदादाच्या पलटणीतले. सुट्टीवर निघालोय. म्हटलं, आज भेटून जाऊ," त्यांतला मोहिते म्हणाला. तो साताऱ्याचा.

जानकीबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. शेवटी मोहिते म्हणाला, "आई, राग मानू नका, पण ते बांगड्याचं तिखलं मिळेल का? दादा इतकं सांगायचा की तोंडाला पाणी सुटायचं."

"कोण सांगायचा?"

"निलेशदादा! आम्ही मेसमध्ये मासळी घेतली की हा डाळभात घ्यायचा. म्हणायचा, मासा खायचा तर आईच्या हातचा. बाहेरचा मी तोंडात घेत नाही."

पोरं घर चुकली असं जानकीबाईंना आधी वाटलं. मग त्या आत गेल्या आणि फ्रिज उघडून उभ्या राहिल्या. त्यांना हसू फुटलं. काय थापाड्या मेलो! मग रडू आलं, मग पुन्हा हसू. वर्षभरात त्या पहिल्यांदा हसत होत्या. डोळे पुसून त्यांनी लवूंच्या हातात पिशवी दिली आणि दबक्या आवाजात दम भरला.

"बांगडे हाडा. आणि तोंड बंद ठेवा. झिलान मासो कधी तोंडाक लावलो नाय, ह्या पोरांका कळता नये. रवळनाथाची शपथ आसा तुमका."

पोरं जेवली. तिखल्याला रस्सा नसतो, माशाच्या अंगाला लागेल एवढाच रस असतो, हे त्या घाटावरच्या जिवांना ठाऊक नव्हतं. मोहिते वाटी कलती करकरून रस्सा शोधत राहिला. पण जाताना दोघांनी पातेलं पुसून नेलं म्हणायला हरकत नाही.

आणि पलटणीत बातमी पसरली. पुढच्या नऊ फेब्रुवारीला चौघं आले. त्याच्या पुढे सहा, मग नऊ. कुणी सुट्टीवर निघालेला, कुणी नव्या जागी रुजू व्हायला चाललेला, कुणी तर निलेशला कधी न पाहिलेला. सोसायटीचे सेक्रेटरी, जे एरवी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवरून नोटीस काढतात, ते स्वतः हॉलमधल्या खुर्च्या वर पाठवू लागले. जानकीबाई महिनाभर आधी गावाहून कोकम आणि तिरफळं मागवायच्या. त्या दिवशी निलेशच्या फोटोला हार नसायचा. वाढदिवसाला हार कसला घालायचा, असं मानसीचं म्हणणं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. पोरं पंजा लढवायची, गाणी म्हणायची, निलेशने साहेबाच्या बुटात बेडूक कसा सोडला ते दर वर्षी नव्याने सांगायची. बेडूक दर वर्षी मोठा व्हायचा. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करायच्या ऐवजी वर येऊन बसायचे. जानकीबाईंच्या वर्षाला तेव्हापासून एकच सण उरला, आणि तो त्यांना दिवाळीहून मोठा वाटायचा.

पण सुख असलं तरी घास अडकायचाच. कुणीतरी हमखास विचारायचं, "आई, दादा एका बैठकीत किती बांगडे खायचा?" आणि त्या म्हणायच्या, "मुलाचं खाणं मोजतात का रे?" ही पोरं येतात ती या तिखल्यावर. खरं कळलं तर निलेश त्यांच्या नजरेत खोटारडा ठरेल. मग कोण कशाला येतंय? घर पुन्हा पहिल्यासारखं सुनं पडायचं, या भीतीने त्या आतून पोखरून निघायच्या. शिवाय एक बोच वेगळीच होती. ज्याने आपल्या हातच्या तिखल्याकडे कधी धड बघितलं नाही, त्याने जगभर त्याची तारीफ का करावी? बटाटा खातो म्हणून सांगायची लाज वाटली, की तिथेही आपली चेष्टाच चालली होती?

"आई, सांगून टाक ना एकदा. काय होणारेय?" मानसी म्हणायची.

"तू गप ऱ्हव," एवढंच उत्तर.

यंदा निलेशला पस्तिसावं लागलं असतं, आणि नऊ तारीख नेमकी रविवारी आली. आठवडाभर आधी मोहितेचा फोन आला. "आई, या वेळी चौगुले हवालदार येतायत. आमच्या पलटणीचे स्वयंपाकी. गेल्या साली रिटायर झाले. आणि त्या चौकीवरचे आणखी चौघं. इतकी वर्षं त्यांचा धीर झाला नव्हता तुमच्या समोर यायचा. आता येतो म्हणाले."

जानकीबाईंनी फोन ठेवला. त्या चौकीवर निलेशसोबत महिना महिना राहिलेली माणसं! त्यात एक स्वयंपाकी! माशातलं कळणारा माणूस दोन प्रश्नांत सगळं उघडं पाडेल.

रविवारी तेरा जण आले. चौगुले कोल्हापूरकडचे, दाराची चौकट भरेल एवढा माणूस, पण बसले ते कोपऱ्यात, मांडी घालून, मान खाली घालून. जानकीबाईंनी वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"तेच," ते म्हणाले. "अगदी तेच."

"तुम्ही आधी कुठे खाल्लंत, भाऊ?"

"खाल्लं न्हाई, आई. ऐकलंय."

सगळे हसले. गाडी रुळावर लागली असं जानकीबाईंना वाटतंय तोच एक नवा, कोवळा जवान उत्साहाने म्हणाला, "आम्हाला तर सांगतात, धुरीदादा एका बैठकीला अकरा बांगडे खायचे!"

लवूंनी सहा वर्षं शपथ पाळली होती. दोन म्हटले असते, चार म्हटले असते, तरी त्यांनी गिळलं असतं. अकरा हा आकडा त्यांना झेपला नाही.

"अकरा?" ते तोंडातल्या घासासकट ओरडले. "अवो, तो बांगड्याच्या वासान घराभायर पळायचो! त्याच्या वाटणीचे सगळे मी खाल्लंय!"

मानसीचा वाढायचा हात तसाच वर राहिला. मोहिते एकदा लवूंकडे बघे, एकदा फोटोकडे. जानकीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की नंतर आठ दिवस त्या घरात बांगडा शिजणार नव्हता हे उघड झालं. पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. त्या पाटावर बसल्या.

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "माझा निलेश मासे खात नव्हता. कधीच नाही. तो तुमच्याशी खोटं बोलला, आणि मीपण बोलले. सहा वर्षं. तुम्ही यायचं बंद कराल म्हणून भ्यायले मी. आता पुढच्या वर्षी नाही आलात तरी माझा राग नाही."

आधी चौगुल्यांची मिशी हलली. मग खांदे. मग तो एवढा माणूस मांडीवर थाप मारून मारून हसायला लागला.

"तरीच!" ते म्हणाले. "तरीच म्हटलं! आई, सात वर्षं एका प्रश्नानं माझं डोकं खाल्लं होतं. आज कोडं सुटलं."

हसू आवरल्यावर त्यांनी सांगितलं. "वाट बंद झाली होती बावीस दिवस. मी स्वयंपाकी, पन शिजवायला काय, नुसते डबे. संध्याकाळी बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीभोवती, बसायचं आणि एकेकानं आपल्या घरचं ताट मांडायचं, नुसतं तोंडानं. कोण मटण मांडायचा, कोण पुरणपोळी. धुरीची पाळी आली तर हा म्हणतो, डाळभात आणि बटाट्याची भाजी. आमी लई हुर्यो केली त्याची. दुसऱ्या दिवशी त्यानं तिखलं मांडलं. आणि मग दुसऱ्या कुणाचं ताट मांडायची वेळच आली न्हाई. रोज तेच. बाहेर वारं सुटलेलं असायचं, आणि सगळे म्हणायचे, धुरी, लाव बांगडा."

"असं काय सांगायचा तो?" जानकीबाईंनी विचारलं.

"तेच तर! मी विचारायचो, बाबा, तिखट किती, आंबट किती, चव कशी? चवीचं अवाक्षर न्हाई. म्हणायचा, थांबा, आई आता पदर खोचतेय. मिक्सर अडकला, आईनं त्याला एक चापट मारली, आता चालला. रस तळहातावर घेतला, चाखला, म्हणाली मीठ कमी आहे. मीठ बरोबर असतंय, पन दर वेळी म्हणणारच. मग मसाल्याच्या हाताने केस मागे सारते आणि कपाळाला हळद लागते, आणि ती संध्याकाळपर्यंत तिला कुणी सांगत न्हाई. बाजूच्या शेगडीवर एक लहान पातेलं असतं, त्याला मसाल्याचा चमचा लागू देत न्हाई. आमी विचारलं, ते कुणासाठी रे? तर म्हणाला, आहे एक नाटकी माणूस आमच्या घरात."

जानकीबाईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला. बोटाला हळद लागली. नाक दाबून उंबऱ्यात बसलेला तो पोरगा त्यांना दिसला. चेष्टा करतो, वेळ घालवतो, असं त्या समजत होत्या, आणि तो एकेक हालचाल टिपत होता. माशाची चव त्याला सांगता येणार कशी? त्याला येत होती ती आई, सगळी, तोंडपाठ. इतका आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"आणि शेवटी वाढताना तुमी म्हणायचा..." चौगुले बोलता बोलता थांबले आणि लाजले.

"काय म्हणायचे मी?"

"नको, आई. नक्कल होईल. तुमच्या तोंडावर कशी करायची?"

"करा हो," लवू म्हणाले. "ह्या घरात दुसरा काय चालायचा!"

चौकीवरच्या पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सातारा, सांगली, कोल्हापूरचे ते पाच दांडगे गडी उभे राहिले, त्यांनी कमरेवर हात ठेवले, माना वाकड्या केल्या आणि मोडक्यातोडक्या मालवणीत एका सुरात ओरडले, "काटो लागलो तर माका सांगू नको, बापाशीक सांग!"

मासे निवडून आणायचे लवू, म्हणून मानसीला ताट देताना जानकीबाई दर रविवारी हे बजावायच्या. निलेश गेल्यापासून ते शब्द त्यांच्या तोंडी आले नव्हते. आणि हे पाच जण बर्फात, बुखारीभोवती, रोज रात्री तेच ओरडत होते.

मानसी हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसली. लवूंना ठसका लागला. जानकीबाई मात्र उठल्या, पदर खोचला आणि थेट चौगुल्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"असा नाय," त्या म्हणाल्या. "उजवा हात कमरेवर नसतो, त्यात वाढायचा डाव असतो. डावा ठेवा. आणि 'बापाशीक' जोरात. ह्यांना बाहेर गॅलरीत ऐकू जायला पाहिजे."

तेराही जण उभे राहिले. त्यांनी डावे हात कमरेवर ठेवले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर जमेपर्यंत जानकीबाईंनी कुणालाही बसू दिलं नाही.