रातपाळीनंतरची झोप

सुरतजवळच्या नवागाममधली ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. पोलिसांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळे पाहिले. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. हे प्रकरण मात्र वेगळे राहिले. कागदोपत्री ते अगदी किरकोळ होते.

नव्वदच्या दशकाचा मध्य. सुरतमध्ये प्लेगची साथ येऊन गेली होती आणि पळून गेलेले कामगार परत आले होते. मी तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. माझे घराणे मूळ खान्देशातले, त्यामुळे नवागाम-डिंडोलीकडचे काम निघाले की वरिष्ठ मलाच पाठवत. त्या वस्तीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी धुळे-जळगावकडची कुटुंबे दाटीने राहत. पोलीस ठाण्यात जबाब गुजरातीत लिहिला जाई आणि सांगणारी बाई अहिराणीत सांगत असे. मधले काम माझे.

सुरुवात एका अकस्मात मृत्यूने झाली. सोळा वर्षांचा मुलगा, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्याच्या कामाला. सरकारी रुग्णालयात आणला तेव्हा मेलेलाच होता. अंगावर जखम नाही, सापाचा दंश नाही, भांडण नाही. मी पंचांना घेऊन खोलीवर गेलो आणि पंचनामा केला. आई भिंतीला टेकून बसली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मन्हा पोऱ्या पेत नव्हता, साहेब. रोज तोंडना वास ली देखस मी."

गुजरातेत दारूबंदी. त्या वस्तीतल्या प्रत्येक आईला एकच भीती, मुलगा हातभट्टीच्या नादी लागण्याची. म्हणून मुलगा दारात आला की ती त्याचे तोंड हुंगत असे. वास नाही म्हणजे मुलगा चांगला. आमचीही तपासाची रीत याहून फार वेगळी नव्हती.

तिने सांगितलेली हकीकत साधी होती. मुलगा रातपाळी करून सकाळी आला, न जेवता आडवा झाला आणि घोरू लागला. एरवी शेजारच्या कारखान्याच्या खडखडाटात त्याला दिवसा झोप लागत नसे. आज लागली म्हणून तिला बरे वाटले. तिने धाकट्या मुलींना बाहेर काढले, शेजारणीला रेडिओ बंद करायला सांगितले आणि स्वतः ओट्यावर साडीचे धागे कापत बसली. दुपारनंतर घोरणे थांबले. तिला वाटले, कूस बदलली असेल.

हे समजायला त्या वस्तीचा एक नियम माहीत असावा लागतो. एका खोलीत दोन पाळ्यांची माणसे राहत. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर निजे. म्हणून रातपाळी करून आलेल्या माणसाला कोणी उठवत नसे. बायका शेजारच्या चुलीवर स्वयंपाक करत. पाहुणा आला तर ओट्यावर थांबे. गावाहून मयताची तार आली तरी निजलेला आपोआप उठेपर्यंत, चहा पिऊन होईपर्यंत ती त्याला दाखवत नसत. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता, पण तो मोडल्याचे मी कधी ऐकले नाही.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर मितभाषी होते. व्हिसेरा प्रयोगशाळेकडे गेला होता, अहवालाला महिने लागणार होते. तरी त्यांनी मला बाजूला घेतले. फुप्फुसांत पाणी भरले होते, ओठ आणि नखे काळीनिळी होती. "वेदना मारणारी काही औषधे आहेत. जास्त झाली की मेंदू श्वास घ्यायचे विसरतो," ते म्हणाले. "खोकल्याच्या औषधाबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर अधिकच लवकर. आई म्हणते तो घोरत होता. तो घोरत नव्हता, गुदमरत होता. त्या वेळी कोणी हलवून पाहिले असते, उठत नाही म्हणून इथे आणले असते, तर त्यावर इंजेक्शन आहे."

हे वाक्य मी त्या आईला कधी सांगितले नाही.

खबर मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्याकडे एक जुना दारूविक्रेता दर आठवड्याला हजेरी द्यायला येत असे. मुलाच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाकावर बसून कुरकुरत होता.

"साहेब, आप लोग हमको ही पकडते रहो. उधर मेडिकलवाला पंखे के नीचे बैठके कमाता है, उसको सलाम ठोकते हो."

हवालदार हसला. "मग काय, तुला सरकारकडून पेन्शन द्यायची?"

"हसो, हसो. हमारा माल पीके आदमी गाना गाता है, गाली देता है, गटर में गिरता है. बीवी को पता तो चलता है! उसकी गोली खाके लडका सीधा घर जाके सो जाता है. शरीफ का शरीफ."

त्याचा राग धंद्याचा होता, समाजसेवेचा नव्हता. पण अशा रागातून आलेली खबर बहुधा खरी असते. मी त्याला चहा सांगितला आणि दुकानाचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रातपाळी सुटण्याच्या सुमाराला साध्या वेशातला शिपाई त्या दुकानासमोर उभा केला. लूमवरून सुटलेली मुले घोळक्याने येत होती. कोणी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत नव्हते, कोणी औषधाचे नावही घेत नव्हते. नुसता हात पुढे करत. काउंटरवरचा माणूस निळ्या कॅप्सूल कागदात गुंडाळून देई आणि कोणाकोणाला खोकल्याच्या औषधाची बाटली. औषध निरीक्षकाला बोलावून पंचांसमक्ष दुकानाची झडती घेतली आणि त्या माणसाला ठाण्यात आणले.

तो घाबरला नव्हता. असे लोक घाबरत नाहीत, कारण आपण गुन्हा करतो असे त्यांना वाटतच नाही.

"जहर थोडी बेचता हूँ, साहेब? कंपनी का माल है. पेटदर्द की गोली छे."

"चिठ्ठीशिवाय?"

"यहाँ चिठ्ठी कौन लाता है? रातभर खडे रहके पैर सूज जाते हैं लडकों के. गोली खाते हैं, पैर का दर्द गया. मजे से सोते हैं. माँ-बाप भी खुश."

"आणि रोज का लागते?"

"आदत पड जाती है," तो सहज म्हणाला. "न मिले तो नाक बहती है, हाथपाँव तूटते हैं. चाय की भी आदत होती है, साहेब."

अशा माणसाला दम देऊन काही निघत नाही. मी पंचनाम्यातला मृत मुलाचा फोटो टेबलावर ठेवला. त्याने वाकून पाहिले आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

"ये मर गया?"

"चार दिवस झाले."

"दूसरे ने तो कुछ बताया नहीं."

"दुसरा कोण?"

"दोनों साथ में आते थे. जोडी थी. आज सबेरे वो अकेला आया. आँखें लाल. मैंने पूछा, तेरा दोस्त कहाँ? बोला, तू बात मत कर. आज दोनों का दे."

"तू दिलीस?"

त्याने मान डोलावली.

या क्षणापर्यंत आमच्यासमोर एक मेलेला मुलगा होता. आता एक जिवंत होता, आणि तो सकाळी दोघांच्या गोळ्या घेऊन घरी निजायला गेला होता. तो कुठे राहतो हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते. कारखाना ठाऊक होता. जीप काढून आम्ही तिकडे गेलो. लूममास्तरने आधी आढेवेढे घेतले, पोलीस कामगाराच्या वयाची चौकशी करतील म्हणून. हवालदाराने त्याची कॉलर धरल्यावर गल्ली सांगितली.

ऊन चांगले चढले होते. दारात एक बाई मांडीवर साडी घेऊन टिकल्या चिकटवत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही, तिने फक्त ओठांवर बोट ठेवले.

"धीरे बोला, साहेब. पोऱ्या निजेल शे."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. एक मोठा, खरखरीत आवाज. मग काहीच नाही. मग पुन्हा एक.

"बाई, बाजूला व्हा. त्याला उठवायचं आहे."

ती दारात आडवी उभी राहिली. "रातपायी करीसन येल शे. त्याले उठाडू नका, तुमना पाया पडस. पेयेल नही शे तो. वास ली देखा!"

गल्ली जमली. समोरच्या खोलीतला एक म्हातारा काठी आपटत पुढे आला. "दारूवाला तिकडली गल्लीमा शेतस, साहेब. त्यासनाकडे जायला तंगड्या दुखतस का? आठे कामकरी पोरं निजतस."

दोनचार जण हसले. मी आईला अहिराणीत समजावू लागलो, की पोराने गोळ्या खाल्ल्या आहेत. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. तिचा मुलगा कमावता होता. पगार तिच्या हातात आणून देत होता. गोळ्या खाणारी पोरे स्टेशनजवळ पडलेली असतात, हे तिला माहीत होते. तेवढ्यात आतला आवाज थांबला. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. गाढ लागली, असे ती पुटपुटली.

मी तिला ढकलून आत गेलो.

मुलगा उताणा पडला होता. ओठ जांभळे. पापणी वर केली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. गालावर चापटी मारली, छाती चोळली. त्याने बऱ्याच वेळाने एक श्वास ओढला, पण डोळे उघडले नाहीत. आम्ही त्याला चादरीसकट उचलले. बाहेर येताना त्या म्हाताऱ्यानेच जमावाला हाकलून जीपपर्यंत वाट करून दिली. आई मागच्या बाकावर त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि त्या अवस्थेतही आम्हाला सांगत होती, जीप हळू चालवा, दचकेल.

रुग्णालयात इंजेक्शन दिले. श्वास सुरू झाला. काही दिवसांनी त्याने डोळे उघडले तेव्हा मी जबाब घेण्यासाठी तिथेच होतो. आई धावत बाहेर आली. "उठना, साहेब! मन्हा पोऱ्या उठना!"

मी आत गेलो. डोळे उघडे होते. ते छताकडे होते, मग दिव्याकडे. आईने चेहरा समोर आणला तरी ते तिच्यावर थांबले नाहीत. डॉक्टरांनी मला सांगितले की मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. तो चालेल कदाचित. बोलेल याची खात्री नाही. त्याचे वय सतरा.

मी कागदावर लिहिले, साक्षीदार जबाब देण्याच्या स्थितीत नाही.

महिनाभराने ते कुटुंब त्याला घेऊन गावी गेले. पुढची हकीकत थोडकी आहे. कॅप्सूल कायदेशीर होती, कारखान्यात बनलेली, छापील वेष्टनातली. गुन्हा फक्त चिठ्ठीशिवाय विकल्याचा. विक्रेता जामिनावर सुटला. दुकानाचा परवाना काही काळ बंद झाला, मग त्याच्या मेहुण्याच्या नावाने दुकान पुन्हा उघडले.

वाया गेलेला मुलगा ओळखू येतो, अशी तोवर माझी समजूत होती. ही दोन्ही मुले वेळेवर कामाला जात, घरी पैसे देत, मोठ्यांपुढे मान खाली घालत. त्यांचा धोका बाहेरून विश्रांतीसारखा दिसत होता. घरची माणसे जवळच होती, जागी होती आणि त्यांची काळजी घेत होती. त्या काळजीनेच दार अडवले. त्या आयांना दोष देता येईल असे एकही कारण मला आजवर सापडलेले नाही.

वरिष्ठांच्या परवानगीने मी त्याच गल्लीत एक सभा घेतली. डॉक्टर आले. त्यांनी सांगितले की मुलगा सारखे नाक खाजवतो का पाहा, जेवण टाकतो का पाहा, डोळ्यांच्या बाहुल्या पाहा. घोरण्यात खंड पडत असेल आणि हाक मारून उठत नसेल, तर पोलिसांना न घाबरता लगेच दवाखान्यात न्या.

मग पहिल्या, मेलेल्या मुलाचा बाप उभा राहिला. तो शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न करत होता.

"साहेब, गोळी तुम्ही बंद कराल. बारा तास उभं राहून पाय दुखतात, त्याचं काय करायचं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्यावर लावायला माझ्याकडे कुठले कलम नव्हते. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण मागच्या बाजूला बसलेली लूमवरची मुले एकेक करून उठत होती. पाळी बदलायची वेळ झाली होती.