खिशातली खीळ

बसा, चहा घ्या, आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या. मधे दात काढलेले मला खपत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. साहेब गेला, स्वराज्य आलं, पण गाड्या चोरणारे इथेच राहिले! मुलुंड म्हणू नका, अंधेरी म्हणू नका, रोज कुणाची तरी बैलगाडी गायब. आमचे गाडीवाले एकेक दिवटे! कोणी चाकाला साखळी बांधतोय, कोणी मारुतीला नारळ बोलतोय.

माझी युक्ती साधी. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला लोखंडी खीळ असते ना? गाडी सोडली की ती उपसायची आणि खिशात टाकायची. ने म्हणावं आता! चाक रस्त्यावर, चोर गटारात. ही अक्कल मी साऱ्या घाटकोपरला शिकवली. फुकट!

त्या दुपारी तबेल्यावर गवत उतरवलं. बैल झाडाखाली बांधले, खीळ खिशात घातली आणि मागच्या गल्लीतल्या हॉटेलात जाऊन बसलो. एवढ्यात एक गडी घामाघूम होऊन आला.

"बाबा, तुम्ही गाडीवाले ना? माझ्या गाडीची खीळ पडली हो कुठेतरी. चाक बाहेर यायला लागलंय. बैल उन्हात उभे आहेत!"

बैल उन्हात म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं. "गाढवा, खीळ पडेपर्यंत झोपला होतास? ही घे माझी. माझी गाडी काय, उभीच आहे. काम झालं की आणून दे. आणि ऐक, गाडी सोडलीस की खीळ काढून ठेवत जा. चोर फार झालेत."

"बरं झालं सांगितलंत, बाबा!" पाया पडला हो माझ्या! मी त्याला अर्धा चहाही पाजला.

परत आलो. झाडाखाली शेण होतं, अजून ओलं. गाडी नाही. मोऱ्या नाही, लाल्या नाही.

बैल आजतागायत मिळाले नाहीत. कसायाकडे गेले असतील. मी विचारायला गेलो नाही. घरी आमच्या म्हातारीनं बैलांसाठी पेंड भिजत घातली होती, ती आंबेपर्यंत तिनं फेकली नाही.

चौकीत हवालदारानं विचारलं, "चोराला पाहिलंत?"

"पाहिला."

"काय करत होता?"

"चहा पीत होता. मीच पाजला."

त्याची पेन्सिल थांबली. "आजोबा, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काही खबरदारी घेतली होतीत का?"

"म्हणजे काय! खीळ काढून खिशात ठेवली होती!"

"दाखवा बघू."

आणि मी, गाडीवाल्यांचा गुरू, दोन्ही खिसे शोधले.