पूजेतून उचललेला पाना

तुंगाअक्काला कुणी "आता वय झालं" म्हटलं की ती शांतपणे विचारते, "कुणाचं?" यशवंतपूरला तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी तीन वर्षं भाड्यानं राहते, आणि या प्रश्नाला धड उत्तर देणारा माणूस मला अजून दिसलेला नाही.

अक्का अडुसष्ट वर्षांची. घराणं पाच पिढ्या बंगळुरातलं. मराठी घरापुरतं, बाकी सगळा कारभार कन्नडात. एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तिनं तीस वर्षं मुलांना हत्यारं दिली आणि संध्याकाळी परत कपाटात लावली. इंजिनाला हात मात्र कधी लावला नाही. लावू दिला नाही, असं ती म्हणते. निवृत्त झाली त्याच महिन्यात तिनं एक जुनी, उंच, पेट्रोलवर चालणारी एसयूव्ही घेतली. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. अक्कानं गिअर टाकला.

गाडीला यंदा वीस वर्षं झाली. पुनर्नोंदणीसाठीची तपासणी नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अक्काचा मुलगा श्रीवत्स मारतहळ्ळीला राहतो. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मनानं चांगला, पण काळजी करायला लागला की ऐकत नाही. त्यानं अट घातली: गाडी पास झाली तर पाच वर्षं अवाक्षर काढणार नाही, नापास झाली तर गाडी भंगारात आणि अम्माचं चालवणं बंद.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. एवढंच.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळं बंगळूर गाड्या धुतं. श्रीवत्स सकाळीच आला, सोबत प्रेशरचा पंप घेऊन. चाकं धुतली, टप धुतला. मग देवाच्या कामात कसूर नको म्हणून पठ्ठ्यानं बॉनेट उघडून इंजिनालाही अभ्यंगस्नान घातलं. अक्का तेव्हा आत देवघरात होती. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, हळदकुंकू सगळं साग्रसंगीत झालं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. अक्का बसली, गाडी सुरू केली. गाडी वीतभर पुढं सरकली, तीन आचके दिले आणि बंद पडली. पुढच्या चाकाखालचं लिंबू अर्धंच चिरडलं होतं.

समोरच्या घरातले सुब्बाराव चुकचुकले. "अपशकुन झाला हो."

श्रीवत्स हळूच म्हणाला, "अम्मा, आता तरी ऐक. देवीच सांगते आहे."

"देवीनं पाणी घातलं का इंजिनात?" अक्का उतरली. "तू घातलंस."

प्लगच्या वायरींना बारीक चिरा पडल्या आहेत, त्यात पाणी शिरलं की ठिणगी पडायची नाही, हे तिला महिनाभरापासून ठाऊक होतं. नवे चार प्लग आणि वायरींचा नवा संच आणूनही ठेवला होता. ओळखीचा मेकॅनिक शिवकुमार बसवून देणार होता. पण त्याचं गॅरेज पूजेसाठी बंद, ते तपासणीच्या दिवशी दुपारी उघडणार. आणि प्लग, वायरी, प्लगचा लांब पाना, सगळं देवघरात पाटावर कुंकू लावून बसलेलं. या घरात पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळच्या आरतीपर्यंत कुणी उचलत नाही. अक्काच्या सासऱ्यांच्या काळापासून नाही. आणि आरतीनंतर तपासणीपर्यंत हाती उरणार ती फक्त रात्र.

अक्का आत गेली, पाटापुढं हात जोडले आणि पाना उचलला.

सुब्बाराव जागचे उठले. "अक्का, बेडा, बेडा! नका! हे काय करता?"

"पूजा कशासाठी केली, अण्णा? त्यानं काम करावं म्हणूनच ना? मग करू दे."

मला मनातून शिट्टी मारावीशी वाटली. मारली नाही. निपाणीची असले तरी मला रीत कळते.

इंजिन गार होतं. अक्कानं मला टॉर्च धरायला लावलं आणि आधी प्रत्येक प्लगभोवती साचलेलं पाणी जुन्या साडीच्या चिंधीनं टिपून घेतलं. "नाहीतर प्लग काढला की घाण सरळ आत. मग बसा रडत." चौथ्या प्लगच्या खोबणीतून तर चमचाभर पाणी निघालं. श्रीवत्सनं मान दुसरीकडं वळवली.

एका वेळी एकच वायर काढायची, हा तिचा कायदा. चारही एकदम उपटल्या की कुठली कुठं जाते ते विसरतं, आणि भल्याभल्यांची मग पंचाईत होते. वायर ओढायची नाही, टोकाचं रबरी टोपण धरून पिळत काढायचं. जुना प्लग काढून ती नाकाजवळ नेई, टोकाकडं बघे, बाजूला ठेवी. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवी, आटे नीट लागल्यावरच पाना. "फार आवळायचं नाही. पोरं जोर करायची, आटे जायचे." इतकी वर्षं ती कपाटाशेजारी उभी राहून नुसती बघत होती, आणि बघताना काय काय शिकून बसली होती हे वर्कशॉपच्या मास्तरांच्या गावीही नसेल. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

तिसरी वायर तिनं मला बसवू दिली.

मग किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण सगळी गाडी थरथरत होती. श्रीवत्सनं सुस्कारा सोडला आणि खिशातून फोन काढला. "भंगारवाल्याला परवा बोलावून ठेवतो."

"स्वल्प थांब." अक्कानं कान दिला. मग सरळ इंजिन बंद करून तिसऱ्या वायरीचं टोपण दाबलं. टक् असा आवाज आला. मी ते अर्धवटच बसवलं होतं. तिनं टॉर्च परत माझ्याच हातात दिली, त्यानं जास्त लाज वाटली. पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन एका सुरात चालू लागलं, आणि उरलेलं लिंबू चिरडून गाडी फाटकाबाहेर गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला आम्ही तिघं गेलो. धूर ठीक, ब्रेक ठीक, दिवे ठीक. गाडी पास झाली. श्रीवत्सनं कागद घेतले, किल्लीही घेतली आणि म्हणाला, "छान झालं, अम्मा. आता गाडी मी मारतहळ्ळीला नेतो. कुठं जायचं असलं की फोन कर, मी येईन."

अक्का हसली नाही. "अट गाडीची नव्हतीच, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुला भीती माझी वाटते. मी म्हातारी झाले, खरं आहे. गाडीला नवे प्लग मिळतात, मला मिळायचे नाहीत, तेही मला समजतं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुझ्या हातात किल्ली देईन. तो दिवस मी ठरवणार. तू नाही." तिनं तळहात पुढं केला. "आण इकडं."

त्याचे डोळे भरले होते. त्यानं किल्ली दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

"पट्टा लाव," अक्का म्हणाली.

परतीच्या वाटेवर मला माझी आई आठवत होती. गेल्या वर्षी निपाणीत माझ्या भावानं आईची स्कूटर काळजीपोटी विकून टाकली. आईनं मला फोन केला, तेव्हा "बरंच झालं की गं" असं म्हणणारी मीच होते.