मायची अर्धी प्रार्थना

"उभी राहा. हात जोड."

मिशनची गोरी मिससाहेब माझ्या मायला म्हणाली. बायकांच्या प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर. माय उभी राहिली. मिशनच्या दवाखान्याची फरशी पुसून ती तशीच आली होती. लुगड्याचा काठ ओला होता. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मायचा गुन्हा एवढाच, की ती देवाशी बोलली होती.

माझा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात पटकीनं गेला होता. सभेत मायची प्रार्थनेची पाळी आली. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "काय रे बापा, माझ्या लेकराच्या वक्ताला झोपला होतास का? हाका मारू मारू थकले मी. आता जागा झाला असशील तर..."

तिथंच मिससाहेबनं टेबलावर हात आपटला होता.

पोरांनो, तुमच्यातल्या धाकटीनं परवा फोनवर विचारलं, "आजी, देवावर प्रेम करायचं की त्याला भ्यायचं?" फोनवर मावेल एवढं ते उत्तर नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. जालन्यात मिशनच्या बोर्डिंगात मी इंग्रजी शिकत होते. येत्या रविवारी मला पहिलं प्रभुभोजन मिळणार होतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. ज्याला तो मिळतो, तो देवाच्या ताटातला. मी वर्षभर वाट पाहिली होती.

"देव काय तुझा घरगडी आहे?" मिससाहेब मराठी शुद्ध बोलायची. आमच्याहून शुद्ध. "तुम्हा लोकांना अदब ठाऊकच नाही."

"घरगडी कशाचा, मिससाहेब? बाप हाये तो. बापाला न्हाई बोलायचं, मंग कोनाला बोलू?"

पाळकाची बायको शेजारणीला म्हणाली, "हिला वाटतं, येशू हिच्या भावकीतला!"

पुन्हा हसू.

तुम्हा लोकांना. हे शब्द मी ओळखत होते. आमच्या गावी, तीर्थपुरीला, माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून "जोहार, मायबाप" म्हणायचा. मान खाली. नजर स्वतःच्या पायांवर. बाप्तिस्मा घेतला आणि त्यानं ते सोडलं. म्हणाला, "आता मायबाप एकच." त्यापायी गाव सुटलं. पुढं तो वारला, पण मायनं ते वाक्य सोडलं नाही. आणि इथं, देवाच्या घरात, पुन्हा तोच आवाज. ओट्याच्या जागी फक्त टेबल.

माझ्या मनात शंका शिरली. ही अदब मागतात कुणासाठी?

मिससाहेबनं मला पुढं बोलावलं. "तू शिकलेली आहेस. पुस्तकात छापलेली प्रार्थना हिला एकेक ओळ सांग. हिनं बिनचूक म्हटली, तरच हिला रविवारी प्रभुभोजन."

छापील प्रार्थनेचं पुस्तक टेबलावर होतं. त्याच्याखाली पवित्र शास्त्र होतं. आणि दोन्हींच्या वर मिससाहेबचा चहाचा कप.

मायनं तो पाहिला. पुढं झाली. आधी हात पदराला पुसले. कप उचलून बाजूला ठेवला. मग खालचं शास्त्र काढलं, दोन्ही हातांनी डोळ्यांना लावलं. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण घरी शास्त्र फळीवर सगळ्यात वर असायचं. आंघोळ केल्याशिवाय ती त्याला हात लावू द्यायची नाही.

"पुस्तकाची पूजा करतेस?" मिससाहेब ओरडली. "अजून मूर्तिपूजकच!"

माय गोंधळली. घडीभरापूर्वी आदर कमी पडला होता. आता जास्त झाला. करावं काय?

मला मात्र लख्ख कळलं. मायचं प्रेम बराबर होतं, आदरही बराबर होता. मिससाहेबला खुपत होतं ते वेगळंच. दोन्ही तिला न विचारता थेट वर जात होतं.

"सुरू कर," ती मला म्हणाली.

मी पुस्तक उघडलं नाही. म्हणाले, "तिची प्रार्थना अर्धी राहिली आहे. आधी ती पुरी होऊ द्या."

हसू थांबलं.  

"मग तुलाही प्रभुभोजन नाही."

"नको."

रविवारी आम्ही दोघी मागच्या सतरंजीवर बसलो. भाकरीचं ताट आमच्यापर्यंत आलं आणि वळलं. बाहेर आल्यावर माय म्हणाली, "का बोललीस गं? भाकर गेली ना तुझी." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "चल जल्दी. घरी ज्वारीची हाये. ती कोनी अडवत न्हाई."

घरी तिनं डोक्यावर पदर घेतला आणि राहिलेली प्रार्थना पुरी केली. "...तर हिच्याकडं बघ. हिच्या वक्ताला झोपशील, तर माझ्याशी गाठ हाये. आमेन."

पुढं मिससाहेबचा निरोप आला. माफी मागितली तर भाकर मिळेल. मी मागितली नाही.

आजही पदर घेऊन बसते. देवापुढं वाकते आणि त्यालाच जाब विचारते. मधे कुणी उभं राहिलं तर त्याला बाजूला व्हायला सांगते. देवाचा आदर शिकवायला कुणी आलं, की आधी बघते, त्यानं आपला कप कुठं ठेवलाय. तुम्हीही बघा.

माफी अजून मागितलेली नाही. मागणार नाही.